उन्हाचा पट्टा आणि सत्तर-दोनशेची लेन्स

प्रश्न (नाव-गाव गाळून, थोडक्यात):

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. वय 37. चार वर्षांपूर्वी हप्त्यावर कॅमेरा घेतला. सहा-सात जणांचा ग्रुप आहे, रविवारी पहाटे गाडी काढतो. नळदुर्गचा धबधबा, माळेगावची यात्रा, जायकवाडीचे पक्षी, अजिंठा, वेरूळ, मकबरा, सगळं करून झालं. फोटो स्वच्छ येतात, लाइकही बरे पडतात. गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात माझे दोन फोटो लागले. तिथं एक ज्येष्ठ फोटोग्राफर म्हणाले, "छान आहे. पण हा फोटो मी आधी पाहिलाय." तेव्हापासून कॅमेरा कपाटात आहे. ग्रुपमधले म्हणतात, बॉडी जुनी झाली, मोठ्या सेन्सरचा फुल-फ्रेम घे, सोबत लांबचं जवळ ओढणारी सत्तर-दोनशे मिलिमीटरची लेन्स घे. म्हणजे दोन-अडीच लाखांचं कर्ज. बायको म्हणते, "एवढे फोटो काढता, घरातल्या माणसांचा एक तरी धड आहे का?" दुसरा मार्ग पुण्यातलं वर्कशॉप, तिसरा म्हणजे सगळं विकून मोकळं होणं. खरं सांगू का, आमच्या भागात फोटो काढण्यासारखं आहे तरी काय? कोकणाला समुद्र आहे, साताऱ्याला कास आहे. इथं ऊस आणि दुष्काळ. दुकानात दुपारी दोन ते चार माश्या मारत बसायचं. मागच्या खोलीत आई उन्हाचा पट्टा सरकेल तशी चटई सरकवत बसते, तेवढीच काय ती हालचाल. क्रिएटिव्ह फोटो काढायचे तर मी करू काय?

उत्तर:

पत्रासोबत तुम्ही अकरा फोटो पाठवलेत. अकराही नीट बघितले. नळदुर्गचं पाणी दुधासारखं उतरलंय, माळेगावचा घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे, मकबरा समोरच्या हौदात उलटा पडलाय. एकही फोटो वाईट नाही. आणि तुमच्या पत्रात शेवटी आलेल्या त्या आईच्या वाक्याइतका चांगलाही एक नाही.

ते वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. मी ते फोटोसारखं वाचलं. पट्टा सरकतो आणि आई चटई सरकवते, हे एका दिवसात कुणाला दिसत नाही. त्यासाठी पुष्कळ दुपारी तिथं बसावं लागतं. तुम्ही बसलात, न ठरवता बसलात, आणि नेमकं काय बघायचं ते बघितलंत. मग कॅमेरा का नाही उचलला? कारण फोटो काढायचा म्हणजे पहाटे उठून, गाडीत डिझेल टाकून कुठंतरी जायचं, हे डोक्यात पक्कं बसलंय. मला वाटतं तुमची अडचण इथं आहे. कॅमेऱ्याच्या बॉडीत ती नाही.

त्या ज्येष्ठांचं बोलणं आधी बाजूला करू. "हा फोटो मी आधी पाहिलाय" हे ऐकून तुम्ही असं धरलंत की आपल्याला कुणी न काढलेला फोटो काढायला पाहिजे. या वाटेनं जाऊ नका. वेगळं दिसायचं म्हणून जो फोटो काढला जातो, त्यात काढणाऱ्याचं लक्ष इतरांच्या फोटोंवरच असतं. मग मकबरा वाकडा काढायचा, जमिनीला नाक लावून काढायचा, आकाश जांभळं करायचं. चार महिन्यांत तेही सगळ्यांचं होतं. त्यांच्या बोलण्याचा मी साधा अर्थ घेतो: तुम्ही सगळे उभे राहतात तिथं उभे राहिलात. त्यात गुन्हा काही नाही. सहा जणांनी सकाळी अकराला पोचायचं, भजी-चहा करायचा आणि चारला परतायचं, एवढ्या वेळात दुसरीकडं उभं राहायला कुणाला सुचणार?

अजिंठ्याचंच घ्या. रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी 1844 मध्ये तिथल्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला. वर्षानुवर्षं खपून तैलरंगात केलेल्या त्या नकलांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्याआधीच त्यानं कॅमेराही धरला होता. लेण्यांचे त्यानं काढलेले जोडफोटो (शेजारी दोन, एकत्र बघितले की खोली दिसते असे) 1864 मध्ये छापून आलेत. 1879 मध्ये भुसावळजवळ तो वारला. एका दरीभोवती पस्तीस वर्षं. तुम्ही एक रविवार दिलात आणि तो रविवार अजिंठ्यानं जसा परत करायचा तसा केला. तुम्हाला अजिंठ्याला पस्तीस वर्षं राहा म्हणत नाही मी. पण पस्तीस वर्षं तुम्ही जिथं राहिलात ती जागा तुम्हाला ठाऊक आहे, आणि तिथला एकही फोटो या अकरांत नाही.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या शेतातल्या पूजेला, गेला असालच. लातूरकर माणूस येळवस चुकवत नाही. कडब्याची कोप, वर शाल, आत पांडव म्हणून मांडलेले, चुन्यानं रंगवलेले दगड, भज्जीचं पातेलं, आंबिलाचा माठ. कोपीत वाकून शिरलं की कडब्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा आत आलेल्या असतात आणि पूजा करणाऱ्याच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्या उमटतात. तो उजेड स्टुडिओत उभा करायचा म्हटला तर हजारो रुपये लागतील. तुम्ही त्या दिवशी कॅमेरा नेला नसणार, कारण येळवस "घरची" आहे. नेला असेल तर जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना "इकडं बघा" म्हणून एक फोटो काढला असेल.

"आमच्या भागात आहे तरी काय" याला मी जरा ठामपणे उत्तर देतो, कारण या वाक्यानं माझीही काही वर्षं खाल्ली आहेत. बातमीसाठी फोटो काढायचो तेव्हा उन्हाळा आला की दोनच फोटो मागितले जायचे: भेगाळलेली जमीन आणि रिकाम्या घागरी. एका गावात टँकरच्या रांगेत मला घागरींची ओळ हवी होती. ओळ वेडीवाकडी होती. मी एका बाईला म्हटलं, "मावशी, जरा ती घागर इकडं घेता का?" तिनं घेतली. तेवढ्यात टँकरचा पाइप सुटला, मागच्या पुढं सरकल्या आणि तिचा नंबर गेला. ती मला काही बोलली नाही. फोटो मोठा छापून आला, ओळ झकास सरळ. मला आजही तो फोटो दाखवायला आवडत नाही. त्यात काय बिघडलंय हे बघणाऱ्याला कळणार नाही, मला कळतं.

दुष्काळाचा फोटो काढू नये असं मी म्हणत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते सगळ्या देशानं बघितलं आणि बघायलाच पाहिजे होतं. पण त्या उन्हाळ्यात तुमच्या घरी अंघोळीचं पाणी कशात साठवलं होतं, ते वापरून झाल्यावर कुठं जायचं, दुकानात औषध घ्यायला आलेलं माणूस "गोळी गिळायला पाणी द्या" म्हणायला कसं कचरायचं, हे बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं. ऊसतोडीच्या गाड्या तुमच्या दुकानावरून जातात. लांबच्या लेन्सनं बैलांच्या शिंगांमागचा सूर्य सगळेच टिपतात. गाडीवरच्या पोराला ताप आला म्हणून बाप रात्री दहाला तुमचं शटर वाजवतो, ते तुमच्याच वाट्याला येतं.

हे लिहिताना थोडं थांबतो, कारण यात एक धोका आहे. दुकानात येणारं माणूस आजारी असतं, नाही तर आजाऱ्याचं कुणीतरी असतं. त्याचा चेहरा, त्याची चिठ्ठी, औषधाचं नाव फोटोत येता कामा नये, विचारून "हो" म्हणालं तरी. उधारीवर औषध नेणारा माणूस तुम्हाला नाही कसं म्हणेल? पण काउंटरच्या काचेवर टेकलेले हात आहेत. सुट्टे मोजणारी बोटं आहेत. लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात कपाटातला डबा शोधणारा पोऱ्या आहे. तिथं कुणाचं गुपित उघडं पडत नाही आणि दुकान मात्र पूर्ण येतं.

आता कर्ज. एक काम करा. मला हवा होता पण माझ्या कॅमेऱ्यानं दिला नाही, असे तीन फोटो कागदावर लिहा. "शार्प आला नाही" असं मोघम नको. कुठं, केव्हा, काय हुकलं ते. जायकवाडीचे पक्षी लांब होते, हे एक झालं. ते खरं आहे, पक्ष्यांना लांबची लेन्स लागतेच, आणि खरं तर त्यांना दोनशेसुद्धा पुरत नाही. बाकी दोन सापडतात का बघा. सापडले तर ती लेन्स आधी दोन दिवस भाड्यानं आणा, मोठ्या शहरांत मिळते. दोन दिवसांनी परत करताना जीव तुटला तर पुढचं बोलू. माझा अंदाज असा की तुमच्या बॅगेतली अठरा-पंचावन्नची लेन्स तुम्ही अजून निम्मीसुद्धा वापरलेली नाही. तिच्या रिंगवर पस्तीसच्या आकड्याला सेलोटेप लावा आणि दोन महिने काढू नका. तुमच्या छोट्या सेन्सरवर पस्तीस म्हणजे साधारण जुन्या रोलच्या कॅमेऱ्यातली पन्नास; ना जवळ ओढणारी, ना पसरवणारी. झूम बंद झाला की पाय हलतात, आणि पाय हलले की माणसाशी बोलावं लागतं. सत्तर-दोनशेचा मला खरा राग याच गोष्टीचा आहे: रस्त्यापलीकडून कुणाचाही चेहरा न विचारता चोरता येतो.

वर्कशॉपबद्दल थोडक्यात. शिकवणाऱ्याचे स्वतःचे फोटो बघा, आणि आधी गेलेल्यांचे बघा. पंधरा जणांच्या फोटोंत तोच धनगर, तीच मेंढरं आणि तीच मुद्दाम उडवलेली धूळ असेल, तर तिथं तुम्हाला आणखी एक "आधी पाहिलेला" फोटो मिळेल, पैसे देऊन. तुमचेच फोटो समोर पसरून त्यावर बोलणारं कुणी असेल तर जरूर जा.

तंत्राची एक गोष्ट मात्र तुम्हाला आजच सांगायला हवी, कारण ती आपल्या मातीचीच आहे. अकरांत एक नांगरलेल्या रानाचा फोटो आहे. रान सिमेंटच्या रंगाचं आलंय. लातूरची काळी जमीन अशी असते का? चूक तुमची नाही, उजेड मोजणाऱ्या मीटरची आहे. कॅमेऱ्यातलं मीटर समोर जे येईल ते मध्यम करडं आहे असं धरून चालतं. काळी माती बघितली की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून ते उजेड वाढवतं आणि मातीची राख होते. काळ्या रानात एक स्टॉप खाली या, म्हणजे उजेड निम्मा करा. पांढरं धोतर, चुन्याची भिंत, वेचलेल्या कापसाचा ढीग असला की याच्या उलट होतं. कापूस मळकट येतो, तिथं एक स्टॉप वर जा, म्हणजे उजेड दुप्पट. मोबाइलवाल्यांनी स्क्रीनवर बोट दाबून धरावं, मग वर-खाली सरकवावं, तेच काम होतं. हे मी नियम म्हणून देत नाहीये. काळं किती काळं ठेवायचं हे तुम्ही ठरवायला लागलात की फोटोत तुमचं मत यायला सुरुवात होते. क्रिएटिव्ह या शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच: यंत्र जे आपोआप ठरवतं, त्यातलं काहीतरी तुम्ही ठरवायचं, आणि का ठरवलं ते तुम्हाला सांगता यायला पाहिजे.

आता मागच्या खोलीत या.

तुमची खिडकी दक्षिणेकडं असावी असा माझा तर्क आहे. थंडीत सूर्य दक्षिणेला खाली असतो म्हणून ऊन खोलीत लांबवर आत येतं. तुमच्याकडं डिसेंबरात भर दुपारीसुद्धा तो डोक्यावर येत नाही, क्षितिजापासून अठ्ठेचाळीस-एक अंशांवरच राहतो. जसजसा उन्हाळा जवळ येईल तसा तो पट्टा खिडकीकडं आखडत जाईल. मेच्या मध्यावर सूर्य ऐन डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तोवर पट्टा खोलीतून गेलेला असेल आणि आईसुद्धा उन्हाला पाठ करून दुसरीकडं चटई टाकत असतील. म्हणजे तुमच्या घरात वर्षभर एक घड्याळ चालू आहे आणि त्याचा काटा तुमची आई आहे. मी तुमच्या जागी असतो तर आठवड्यातून एकदा, दुकान थंड असतं त्याच वेळी, एकाच उंचीवरून ते टिपलं असतं.

कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइटवर टाका, पण फाइल रॉ, म्हणजे कच्ची, ठेवा. स्क्रीनवर नुसता उजेड दिसेल आणि रंग फाइलमध्ये शाबूत राहतील. मीटरिंग स्पॉटवर घ्या, म्हणजे मीटर एका ठिपक्यापुरतंच मोजेल, आणि पट्ट्यावर मोजा, फरशी पांढरी असेल तर अर्धा-एक स्टॉप वर. बाकी खोली काळी पडली तर पडू द्या. काळोखात कपाट आहे हे आपल्याला ठाऊक असतं, ते दिसलंच पाहिजे असं नाही. शटर कधी मुद्दाम एक-अष्टमांश सेकंदावर आणा, कॅमेरा स्टुलावर टेकवा आणि आई चटई ओढतील तेव्हा दाबा. खोली स्थिर राहील, चटई आणि हात हलतील. दहांतले नऊ वाया जातील. जाऊ देत.

एक विनंती आहे. सुरकुत्या काढू नका. म्हातारं माणूस, चेहरा भरून, काळं-पांढरं, सगळी क्लॅरिटी वर ओढलेली, असे फोटो प्रत्येक प्रदर्शनात भिंतभर असतात आणि ते कुणाच्याच आईचे वाटत नाहीत. तुमच्या आई उठून चहाला गेल्यावर रिकामी चटई आणि त्यावर पट्टा राहतो, तो बघा. चष्मा कुठं ठेवतात ते बघा. चटई एका बाजूनं जास्त झिजली असेल.

मोजून काढा. जुन्या रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे. आठवड्याला छत्तीसच, त्यापुढं कॅमेरा बंद. महिन्यानं त्यातले पंचवीस-तीस गावातल्याच स्टुडिओतून पोस्टकार्डाच्या आकाराचे छापून आणा आणि रात्री दुकान बंद झाल्यावर जमिनीवर पसरा. मोबाइलवर एकेक फोटो सरकवताना प्रत्येक फोटो आपापला चांगलाच दिसतो. जमिनीवर ते एकमेकांशी भांडतात. तेव्हा बायकोला बोलवा. तुमच्या पत्रात त्यांचं एकच वाक्य आहे आणि ते त्या ज्येष्ठांच्या टिप्पणीपेक्षा मला जास्त नेमकं वाटलं. कुठला फोटो काढून टाकायचा हे त्यांना सांगू द्या, आणि तुमचा सगळ्यात लाडका त्यांनी उचलला तर लगेच वाद घालू नका. ग्रुपला महिनाभर काही दाखवू नका. लाइक किती पडले यावरून तुमचे रविवार ठरत आलेत, ती सवय थोडी सुटायला हवी. ग्रुप सोडा असं नाही. रविवारची भजी चांगली असणार.

अशाच अर्थाची आणखी पत्रं माझ्याकडं पडून आहेत, त्यांनाही इथंच दोन शब्द. अंबाजोगाईकडची एक मुलगी लिहिते की एकटीनं कॅमेरा घेऊन बाहेर पडणं घरी चालत नाही. गच्चीवरून दिसणारं तर चालतं ना? दिवेलागणीला, सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं, आकाशाचा निळा आणि घरांतल्या बल्बांचा पिवळा यांची बरोबरी होते. रोज त्याच कठड्यावरून ती बरोबरी टिपली तर गल्लीतलं कोण कधी घरी येतं याचा इतिहास तयार होईल. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका दादांना सारखेपणाचा कंटाळा आलाय: गिऱ्हाइकाचं काम चोख द्या, पण प्रत्येक लग्नात पाच फोटो स्वतःसाठी काढा, स्टेजकडं पाठ करून. आचारी, बँडवाल्यांचं जेवण, मांडव सोडणारी पोरं. आणि ज्यांचे फोटो काढता त्यांना एक छापील प्रत नेऊन द्या, हे सगळ्यांनाच. माळेगावच्या त्या घोडेवाल्याला त्याचा फोटो पोचलाय का? पुढच्या यात्रेला खिशात घेऊन जा. तो तुम्हाला घोड्यामागं कुठं उभं राहायचं ते दाखवेल.

विकायचं म्हणाल तर कॅमेऱ्याला उद्याही गिऱ्हाईक मिळेल, घाई नाही. पट्टा मात्र आत्ता थंडीतच लांब आहे.

संक्रांत झाली की दिवस मोठा व्हायला लागल्याचं जाणवतं, त्याच्या आत सुरुवात करा. आणि आईला आधी विचारा. त्या नाही म्हणाल्या तर त्या उठेपर्यंत थांबा. चटई तिथंच असते.